अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी: पोरं आणि पालक मला सारखं विचारतात ते प्रश्न

घरीच पाचवी ते आठवीच्या शिकवण्या घेते. दरवर्षी अपूर्णांक सुरू झाले की रात्री साडेनऊला वहीच्या पानाचा फोटो येतो आणि खाली एवढंच, "ताई हे कसं आलं?" किंवा मग आईचा मेसेज, "मॅडम, आमच्या वेळी असं नव्हतं." तीच तीच उत्तरं टाईप करून बोटं दुखली म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून ठेवतेय. क्रम पुस्तकातला नाही, पोरं ज्या क्रमानं अडतात तो आहे.

वरच्या आकड्यांची बेरीज करतो मग खालच्यांची का नाही करायची?

हा पहिला आणि सगळ्यात शहाणा प्रश्न, कारण जो विचारतो तो निदान विचार तरी करतोय. छेद, म्हणजे रेघेखालचा आकडा, दिसतो आकडा पण काम करतो आडनावाचं. दोन पाटील आले, मग अजून तीन पाटील आले, तर पाच पाटील झाले, आडनावांची बेरीज कोणी करत नाही ना? तसंच २/८ आणि ३/८ म्हणजे दोन अष्टमांश आणि तीन अष्टमांश, मिळून पाच अष्टमांश, ५/८, झालं.

इथे माझं एक ठाम मत आहे. पोरांना सुरुवातीचे पंधरा दिवस "टू बाय एट" किंवा "दोन छेद आठ" असं वाचूच देऊ नका, "दोन अष्टमांश" असंच म्हणायला लावा. "दोन छेद आठ" म्हटलं की कानाला दोन वेगळे आकडे ऐकू येतात आणि हात आपोआप दोघांची बेरीज करायला जातो. "अष्टमांश" म्हटलं की ती एक वस्तू वाटते, आंब्यासारखी. जीभ वळत नाही सुरुवातीला, चतुर्थांश म्हणताना तर हमखास गाडी अडकते, पण दोन दिवसांत जमतं.

माझ्या मुलानं १/२ + १/३ = २/५ लिहिलं, आता त्याला चूक कशी दाखवू?

नियम सांगू नका, भाकरी दाखवा. अर्धी भाकरी ताटात आहे, त्यात अजून एक तृतीयांश टाकली, तर आता अर्ध्यापेक्षा जास्त असायला हवी की कमी? जास्त. मग २/५ बघ. पाचातले दोन म्हणजे अर्ध्यालाही पोचत नाही, पाचाचं अर्ध अडीच असतं. म्हणजे ताटात भाकरी वाढली आणि तरी कमी झाली. इथं पोरगं एकदम हसतं आणि स्वतःच खोडरबर शोधतं.

खरं उत्तर ५/६. कसं ते पुढच्या प्रश्नात.

छेद वेगळे असले तर काय करायचं, आणि वरखाली एकाच आकड्यानं का गुणायचं? सर म्हणतात म्हणून?

आडनावं वेगळी आहेत तोवर नुसती बेरीज सांगता येत नाही. तीन आंबे आणि दोन पेरू किती? "पाच आंबे" म्हणता येत नाही, "पाच फळं" म्हणता येतं, म्हणजे दोघांना एकाच नावाखाली आणलं की बेरीज होते. अपूर्णांकात ह्यालाच समच्छेद करणं म्हणतात.

आता वरखाली का गुणायचं. मी हे नारळाच्या वड्यांवर शिकवते. दोन सारखी ताटं घ्या, दोन्हींत वडी थापलेली. पहिल्या ताटात उभे काप देऊन तीन सारख्या पट्ट्या केल्या आणि दोन घेतल्या, २/३ झाले. दुसऱ्या ताटात आडवे काप देऊन चार पट्ट्या केल्या आणि एक घेतली, १/४ झाला. ह्या पट्ट्या एकमेकींच्या मापाच्या नाहीत, मिळून किती ते सांगताच येत नाही. मग पहिल्या ताटात आडवेही चार भाग पाडा आणि दुसऱ्यात उभेही तीन. दोन्ही ताटांत आता बारा बारा वड्या झाल्या, सगळ्या एकाच मापाच्या. पहिल्यातल्या आपल्या दोन पट्ट्यांच्या आठ वड्या झाल्या, दुसऱ्यातल्या एका पट्टीच्या तीन. आठ आणि तीन अकरा. म्हणून २/३ + १/४ = ८/१२ + ३/१२ = ११/१२.

बघा, सुरी फिरवल्यावर वड्यांची संख्या वाढली पण वडीचं सारण तेवढंच राहिलं, कोणी जास्त खाल्लं नाही. खाली ४ नं गुणलं म्हणजे तुकडे चौपट झाले, म्हणून आपल्या वाट्याचेही चौपट झाले, म्हणून वरही ४. पुस्तकात ह्यालाच सममूल्य अपूर्णांक म्हणतात. हे एकदा खरोखरच्या वड्यांवर करा, वड्या नसतील तर कोथिंबीरवडी, तीही नसेल तर वहीचं पान घडी घालून. १/२ + १/३ ला सहा तुकडे, तीन आणि दोन पाच, म्हणून ५/६.

अर्धा आणि पाव मिळून पाऊण हे पोराला तोंडपाठ आहे पण १/२ + १/४ दिलं की रडतो. असं कसं?

कारण त्याला कोणी सांगितलंच नाही की हे तेच आहे! आपल्या भाषेत अपूर्णांकांचं गणित आधीच भरून ठेवलंय. सव्वादोन म्हणजे दोनात पाव मिळवला, पावणेदोन म्हणजे दोनातून पाव काढला, साडेतीन म्हणजे तीनात अर्धा. शब्दातच बेरीज आणि वजाबाकी. दीड आणि अडीच मात्र स्वतंत्र शब्द, साडेएक साडेदोन म्हणणारं पोर भेटलं की मला गोडच वाटतं कारण त्याला नियम कळलेला असतो. आणि साडेतीन शक्तिपीठं तर माहितीच आहेत: कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही तीन पूर्ण आणि वणीची सप्तशृंगी अर्ध, १ + १ + १ + १/२.

तर आठवडाभर कागदाआधी तोंडी करा. दीड किलो कांदे आणि पाऊण किलो बटाटे, पिशवीचं वजन किती? सव्वादोन किलो. अडीच लिटर दूध आणलं, पाऊण लिटरचं दही लावलं, उरलं किती? पावणेदोन. पोरगं उत्तर देतं आणि मग तेच कागदावर मांडायचं: २ पूर्णांक १/२ वजा ३/४. त्याला उत्तर आधीच माहीत असतं, आता फक्त पद्धत त्या उत्तरापर्यंत कशी पोचते ते बघायचं असतं, भीती निम्मी होते. सेमीतल्या पोरांना पाऊण आणि सव्वा येतच नाही हल्ली, तो वेगळा विषय आहे आणि मी त्यावर बोलायला लागले तर हे पान संपणार नाही.

आजी-आजोबा असतील घरात तर त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी विचारा, हे सगळे अपूर्णांकांचे पाढे होते आणि पाठ करून घेतले जायचे. साडेतीनच्या पाढ्याला औटकी म्हणायचे, औट म्हणजे साडेतीन.

लसाविच काढायला पाहिजे का? यूट्यूबवर तिरकस गुणाकाराची ट्रिक आहे ती चालेल का?

चालेल. लसावि म्हणजे दोन्ही छेदांनी भाग जाणारी सगळ्यात छोटी संख्या. तिरकस गुणाकार म्हणजे दुसरं काही नाही, एकमेकांच्या छेदानं गुणणं. ती चुकीची नाही, फक्त कधी कधी फार लांबचा रस्ता आहे. छोट्या छेदांना झकास: २/३ + १/५ ला तिरकं केलं तर १० आणि ३, खाली १५, उत्तर १३/१५, लसाविनंही तेच होतं.

पण ७/२४ + ५/३६ ला तिरकस करून बघा. खाली २४ गुणिले ३६ म्हणजे ८६४, वर २५२ आणि १२०, बेरीज ३७२, आणि मग ३७२/८६४ ला संक्षिप्त करत बसा, परीक्षेत घाम फुटतो. लसावि ७२ घेतला तर २१/७२ + १०/७२ = ३१/७२, दोन ओळींत सुटका.

मला आवडते ती मधली वाट आहे आणि ती काही नवी नाही, भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे, ११५० ची. तिथं दोन्ही मार्ग दिलेत, एक तर एकमेकांच्या छेदानं गुणा, नाहीतर आधी दोन्ही छेदांना सामाईक संख्येनं भागा आणि मग जे उरेल त्यानं तिरकं गुणा. २४ आणि ३६ दोघांना १२ नं भागलं, उरले २ आणि ३. आता पहिल्या अपूर्णांकाला वरखाली ३ नं गुणा, दुसऱ्याला २ नं. २१/७२ आणि १०/७२, लसावि वेगळा न काढता बरोबर ७२ आला. यूट्यूबवाल्यांच्या आधी साडेआठशे-पावणेनऊशे वर्षं. (समच्छेद हा शब्दही तिथं आहे, छेदाला तेव्हा हरही म्हणायचे, हिंदीत अजून म्हणतात.)

लसावि काढायला माझ्या मुलीला पाच मिनिटं लागतात, काही शॉर्टकट?

मोठ्या छेदाचा पाढा म्हणायचा आणि प्रत्येक ठिकाणी थांबून बघायचं, छोट्यानं भाग जातो का. ६ आणि ८ ना? ८ ला ६ नं जात नाही, १६ ला नाही, २४ ला जातो, थांबा. ५/६ + ३/८ = २०/२४ + ९/२४ = २९/२४, म्हणजे १ पूर्णांक ५/२४. मोठ्यालाच छोट्यानं भाग जात असेल, जसं ३ आणि १२, तर पहिल्याच पायरीला काम झालं. बाकी पाढे येत नसतील तर कुठलाच शॉर्टकट नाही, राग मानू नका पण दहापैकी सात वेळा अडचण अपूर्णांकांची नसतेच, पाढ्यांची असते.

वजाबाकीत वरचा आकडा छोटा पडला तर? ४ पूर्णांक १/४ वजा १ पूर्णांक २/३, इथं सगळी पोरं आपटतात.

आपटतात, कारण इथं दोन गोष्टी एकदम येतात. आधी समच्छेद करा: ४ पूर्णांक ३/१२ वजा १ पूर्णांक ८/१२. आता ३ मधून ८ जात नाहीत. उसना घ्यायचा चारातून एक. आणि इथं हात सवयीनं १० उसने घेतो, ३ चे १३ करतो, संपलं.

नेहमीच्या वजाबाकीत दशक मोडला की दहा एकक मिळतात म्हणून तिथं १०. इथं आपण एक पूर्ण मोडतोय आणि एका पूर्णात किती तुकडे आहेत? बारा. म्हणून १२ मिळतात, ३ चे १५ होतात. ३ पूर्णांक १५/१२ वजा १ पूर्णांक ८/१२ = २ पूर्णांक ७/१२.

गावाकडच्या पोरांना हे जमिनीवर पटकन कळतं. एका एकरात ४० गुंठे. ३ एकर १० गुंठ्यांतून १ एकर २५ गुंठे विकले तर? एक एकर मोडला, ४० गुंठे आले, १० चे ५० झाले, २ एकर ५० गुंठ्यांतून १ एकर २५ गुंठे गेले, राहिले १ एकर २५ गुंठे. इथं कोणी १० उसने घेत नाही, घेतले तर भाऊबंदकी होईल. शहरातल्या पोरांना क्रिकेट द्या: स्कोअरबोर्डवर ३.४ ओव्हर म्हणजे ३ ओव्हर ४ बॉल. एका बोलरनं ३.४ टाकल्या आणि दुसऱ्यानं २.५, मिळून किती? ५.९ म्हणालात तर अंपायर हाकलेल. ९ बॉल म्हणजे १ ओव्हर ३ बॉल, म्हणून ६.३. अपूर्णांकात ३ पूर्णांक ४/६ अधिक २ पूर्णांक ५/६ बरोबर ५ पूर्णांक ९/६ म्हणजे ६ पूर्णांक ३/६, म्हणजे खरं तर साडेसहा ओव्हर, बोर्डावर ६.३ दिसत असलं तरी.

आणि हो, वर उत्तरात ७/१२ आलं म्हणून एका पोरानं मला विचारलं होतं की सातबारा हा पण अपूर्णांक आहे का. नाही रे बाळा. तो गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा असे दोन नमुने मिळून झालेला कागद आहे, तिरकी रेघ दिसते म्हणून भागाकार होत नाही.

उसना घेणं नकोच, सगळं आधी अंशाधिक करून टाकलं तर?

करा की. अंशाधिक म्हणजे अंश, वरचा आकडा, छेदापेक्षा मोठा. ४ पूर्णांक १/४ म्हणजे १७/४, १ पूर्णांक २/३ म्हणजे ५/३. समच्छेद ५१/१२ वजा २०/१२ = ३१/१२ = २ पूर्णांक ७/१२. उसन्याची भानगडच नाही. ज्या पोराचा सारखा गोंधळ होतो त्याला मी हीच पद्धत देते. पण ४८ पूर्णांक १/५ वजा १९ पूर्णांक ३/४ असलं काही आलं तर अंश शंभराच्या वर जातात आणि गुणाकारातच चूक होते, तिथं उसनं घेणं बरं.

५ वजा ३/८ चं उत्तर २/८ का नाही?

कारण ५ म्हणजे पाच अख्खे, पाच अष्टमांश नाही. पाच कलिंगडांतून तीन फोडी खाल्ल्या तर दोन फोडी उरतात का? एकच कलिंगड कापा, ८/८ झाले, त्यातले ३ गेले ५ उरले, बाकी चार कलिंगडांना हातही लावू नका. ४ पूर्णांक ५/८.

टेस्टमध्ये १० पैकी ७ आणि दुसऱ्या टेस्टमध्ये १० पैकी ८ मिळाले तर सर २० पैकी १५ म्हणतात, म्हणजे खालची बेरीज झाली की! मग?

हा प्रश्न सहावीतल्या एका मुलीनं विचारला आणि मी दोन मिनिटं गप्प. मग दुसऱ्या दिवशी नीट उत्तर दिलं, ते असं.

७/१० + ८/१० जेव्हा अपूर्णांक म्हणून करतो तेव्हा "पूर्ण" एकाच मापाचं धरलेलं असतं. एकेक लिटरचे दोन जग, एकात ७/१० लिटर ताक, दुसऱ्यात ८/१०, मिळून १५/१० लिटर, म्हणजे दीड लिटर. बरोबर ना, दोन जगांतलं मिळून लिटरच्या वर जाणारच.

मार्कांत सर वेगळं काम करतात. ते दोन टेस्ट एकत्र करून एक मोठी टेस्ट बनवतात, वीस मार्कांची, म्हणजे "पूर्ण"च बदललं, दुप्पट झालं. ताकाच्या भाषेत म्हणजे दोन लिटरचं पातेलं आणून दोन्ही जग त्यात ओतले आणि विचारलं, पातेलं किती भरलं? १५/२०, म्हणजे पाऊण पातेलं. ताक तेवढंच, दीड लिटर, पण प्रश्न दुसरा. त्यामुळे सरही बरोबर आणि मीही बरोबर. आणि जे उत्तर आलं ते बघा, पाऊण हे ७/१० आणि ८/१० च्या मधोमध आहे. बेरीज कधी दोघांच्या मध्ये येत नसते, ती दोघांपेक्षा मोठी असते. मध्ये आलं की समजायचं, ही बेरीज नाही, सरासरीच्या जातीचं काहीतरी आहे.

गुणाकारात तर समच्छेद करावा लागत नाही, मग इथंच का छळ?

गुणाकारात "पावाचा अर्धा" असं चाललेलं असतं, तुकड्याचा तुकडा, तिथं दोन ढीग एकत्र करायचे नसतात. उलटी चूकही होते, गुणाकारातली तिरकी काटाकाट पोरं बेरजेत करतात. ३/४ + ४/५ मध्ये खालचा ४ आणि वरचा ४ खुशाल काटतात आणि ३/५ लिहितात, जे ३/४ पेक्षाही कमी आहे. अधिकच्या चिन्हाच्या पलीकडे काटाकाट बंद. उत्तर ३१/२०.

संक्षिप्त रूप नाही दिलं तर मार्क कापतात का?

शाळेशाळेवर आहे, पण एमसीक्यूमध्ये ६/९ हा पर्यायच नसतो, २/३ असतो, आणि शिष्यवृत्तीच्या सरावाला बसलेली पोरं "उत्तरच नाहीये यात" म्हणत बसतात. द्यायची सवय लावा, शेवटी एकदा बघायचं वरखाली कोणत्या एकाच संख्येनं भाग जातो का.

दशांश करून कॅल्क्युलेटरवर केलं तर काय बिघडलं?

१/४ चं काही बिघडत नाही, ०.२५ आलं. १/३ चं बिघडतं, ०.३३ लिहून तीनदा मिळवलं तर ०.९९, अख्खी भाकरी कुठेतरी कुरतडलेली. ताळा पाहायला वापरा, उत्तर लिहायला नको.

मोठा अपूर्णांक छोट्यातून वजा करायला दिला तर, १/३ वजा १/२?

पाचवी-सहावीत बहुतेक विचारत नाहीत. सातवी-आठवीत परिमेय संख्या आल्या की येतं. २/६ वजा ३/६ म्हणजे उणे १/६. खिशात दोन, देणं तीन.

सरावाला थोडी गणितं द्या ना, उत्तरांसकट.

घ्या. २/९ + ४/९. मग ३/४ + ५/६. मग ७/१० − १/४. मग ६ − २ पूर्णांक ३/५. मग ५ पूर्णांक १/६ − २ पूर्णांक ३/४, हे उसन्याचं आहे, सावकाश. आणि शेवटचं १/२ + १/४ + १/८ + १/१६.

उत्तरं अशी: २/३, १ पूर्णांक ७/१२ (परत सातबारा), ९/२०, ३ पूर्णांक २/५, २ पूर्णांक ५/१२. शेवटचं आजोबांना विचारा, ते समच्छेद न करता सांगतील. १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे होते, म्हणजे अर्धा रुपया आठ आणे, पाव रुपया चार आणे, त्याचा अर्धा दोन आणे आणि त्याचा अर्धा एक आणा. आठ चार बारा, बारा दोन चौदा, चौदा एक पंधरा. पंधरा आणे, म्हणजे १५/१६, रुपयाला एक आणा कमी.